पाट, पोफळी आणि चैत्र : कुळागरातल्या कामाच्या नोंदी

10 मार्च 2025, सोमवार

गोव्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे उतारावर पायऱ्या करून लावलेल्या पोफळी, मिरवेल, केळींच्या मिश्र बागेत, खालच्या दोन पायऱ्यांवरच्या पोफळींच्या झावळ्या पिवळट दिसायला लागल्या आहेत. नवा कोंबही बारीक येतो आहे. झरीचे पाणी मात्र कमी झालेले नाही. मग पाणी जाते कुठे, हे आज आपल्या पाणी घ्यायच्या पाळीच्या दिवशी मोजूनच काढले.

झरीच्या तोंडाशी पोफळीची पन्हळ लावली आणि तिच्याखाली 10 लिटरची बादली धरली. 8 सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला 75 लिटर. तीच बादली पाटाच्या शेवटच्या दाऱ्याशी (पाटातून झाडांकडे पाणी सोडायच्या तोंडाशी) धरली तर 20 सेकंद लागले. मिनिटाला 30 लिटर. मधली सगळी दारी गोणपाट आणि चिखल लावून बंद केलेली होती, त्यामुळे जे गेले ते गळतीतच गेले.

पोफळीला मार्च ते मे या महिन्यांत तीन ते पाच दिवसांच्या अंतराने दर झाडाला सुमारे 175 लिटर पाणी द्यावे अशी शिफारस आहे. आमची पाळी चार दिवसांनी येते, पहाटे सहापासून दुपारी बारापर्यंत. झरीचे पूर्ण पाणी खाली पोचले तर या सहा तासांत दीडशे पोफळी भिजतात. आज पोचते त्यात जेमतेम साठ. खालच्या दोन पायऱ्यांवर शंभराच्या वर झाडे आहेत. (वरच्या पायऱ्यांना विहिरीवरचा पंप आहे, त्यांची चिंता नाही.) पिवळेपणाचे कारण आणखी कुठे शोधायला नको.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पाइप घालून मोकळे होऊया. ठिबक बसवले की पाणीही कमी लागेल." ठिबकावर पोफळीला रोज 16 ते 20 लिटर पुरतात, हे खरेच आहे. डोंगराच्या कडेला यंदा जे नवे माड लावले आहेत त्यांना ठिबकच घालायचे, त्यात दुमत नाही. पण खालच्या पायऱ्यांवर नुसत्या पोफळी नाहीत. पोफळीवर मिरवेल आहे, दोन ओळींच्या मध्ये केळी, जायफळाची झाडे, कडेला पानवेल. पाटाचे पाणी जाता जाता या सगळ्यांना ओल देते आणि मुरलेले पाणी खालच्या विहिरीला येऊन मिळते. पाइपातून हे पाणी गेले तर पोफळ जगेल आणि बाकीचे कुळागर तहानेल. शिवाय झर एकट्या आमची नाही, पाणी तीन घरांत वाटलेले आहे, तेव्हा पाइप घालायचा तर सगळ्यांना विचारूनच.

ठरले ते असे: पाट ठेवायचा, मोठी गळती तेवढी बंद करायची, आणि हे काम पाडव्याच्या आत उरकायचे.


14 मार्च, शुक्रवार

गावात शिगमा. गवंडी शिगम्याच्या मेळात (नाचगाण्याच्या पथकात), कामाला माणूस मिळणार नाही, मागायचाही नाही. पाळी मात्र आजच आली, म्हणून पहाटे मी आणि मुलीने दारे धरले. ढोल ऐकू यायला लागले तसे तिचे लक्ष उडाले, तिला नवाच्या सुमाराला सोडले.


19 मार्च, बुधवार

काल पाळी झाली, आज पाट कोरडा. दुरुस्तीला हाच दिवस बरा, कारण ओल अजून दिसते आणि गळती कुठे आहे हे मातीच सांगते. झरीपासून खालपर्यंत पाटाच्या बाहेरच्या अंगाने चालत गेलो. जिथे मेरेवरचे (बांधावरचे) गवत अजून हिरवे, तिथे आत भोक, हा हिशेब जवळजवळ सगळीकडे खरा ठरला.

बहुतेक भोके कुर्ल्यांची (खेकड्यांची). वरून रुपयाएवढे तोंड, पण काठी घातली तर हातभर आत जाते आणि खाली वळते. वरच्या वर चिखल लिंपून काहीच होत नाही, कुर्ली दोन रात्रींत पुन्हा उघडते. भोक पूर्ण खणून काढायचे, आत बारीक चिऱ्याचे तुकडे ठोकून बसवायचे आणि मग माती. दोन ठिकाणी उंदरांची बिळे सापडली. सर्वांत मोठी गळती जुन्या फणसाखाली: मुळाने पाटाची भिंत उचलली आहे आणि पाणी मुळाच्या कडेने सरळ ओहोळात जाते आहे.

फणस तोडायचा प्रश्नच नाही. तेवढ्या पट्ट्यात पाट हातभर आत सरकवून चिरे आणि सिमेंटने बांधायचा असे गवंड्याशी ठरवले. बाकी सगळीकडे मातीच. सिमेंटचा पाट दिसायला नीट, पण पाणी मुरू देत नाही आणि एकदा चीर गेली की मातीसारखा हाताने बुजवता येत नाही.

मातीत माती रोयणीची, म्हणजे वारुळाची. वाळवीने वर आणलेली ती चिकट माती पाण्यात लवकर विरघळत नाही. पण रोयण पाहून घ्यावी लागते. आमच्याकडे सातेरी देवी रोयणीच्या रूपातच पुजतात, त्यामुळे देवराईतली किंवा जिच्यावर कोणी फूल वाहिलेले दिसते ती रोयण कोणी हात लावत नाही. डोंगराच्या वाटेवर रस्ता रुंद करताना मोडून पडलेली एक होती, तिची माती घमेल्यांनी आणली. सासूबाईंनी आधी तिथे हळदकुंकू वाहिले आणि मगच फावडे लावू दिले.


20 मार्च, गुरुवार

फणसाखालचे बांधकाम झाले. आता ते ओले ठेवायचे, रोज दोन वेळा गोणपाट भिजवायचे. माती लिंपायचे काम सासूबाई, काकी आणि मी मिळून केले. माती तुडवताना त्यात भाताचा कोंडा मिसळला, तडे कमी जातात.


26 मार्च, बुधवार

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवते, कारण चैत्र लागायच्या तोंडावर कुळागरातले काम कसे एकावर एक येते ते यातून कळेल. पाण्याची पाळी, काजूचे बोंडू, मिरी, सुपारी आणि गोठा, सगळे आजच.

पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन झरीवर. सहाला आपले तोंड उघडले. पहिले पाणी नेहमी पातेरा घेऊन येते. चार दिवसांत पाटात पडलेली पाने, पोफळीची फुले, वाळकी बोंडे असे सगळे पाण्याच्या पुढे ढकलत जाते आणि वळणावर जाऊन अडते. म्हणून पाण्याच्या पुढे पुढे फावड्याने वाट मोकळी करत चालायचे. दुरुस्तीनंतरची ही दुसरी पाळी, पण बांधलेल्या पट्ट्यावर आज प्रथमच भर पाणी सोडले. फणसाखाली वाकून बघितले: बाहेरचे अंग कोरडे.

दारे शेवटून धरायचे. सर्वांत खालच्या ओळीची आळी आधी भरायची आणि मग एकेक दारे बंद करत वर यायचे. वरून सुरुवात केली की खालच्यांच्या वाट्याला उरलेले येते. आळ्यात पातेऱ्याचा जाड थर घातलेला आहे. पाणी आत शिरले की आधी काही दिसत नाही, मग कडेचा कोरडा पाला हलतो, एकेक पान तरंगून फिरते, आणि मधून बारीक बुडबुडे येतात. पाला सगळा उचलला गेला आणि खोडाला पाणी टेकले की आळे भरले. पातेरा नसेल तर चैत्राच्या उन्हात दुसऱ्या दिवशीच आळ्याला भेगा पडतात. पोफळीची मुळे बहुतेक वरच्या दीड-दोन हात मातीतच असतात, ती उघडी पडली की झाड लगेच सुकते.

तोवर सासूबाई आणि मुलगी डोंगरावर काजूकडे गेल्या. मुलीच्या हातात टोकाला खिळा बसवलेली काठी आणि पाटी. पडलेला बोंडू टोचून उचलायचा, झाड हलवायचे नाही. झाडावरून ओढून काढलेल्या बोंडूतली बी भरलेली नसते. दहाच्या पेजेपर्यंत दोघींनी वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 च्या कलमांखालचे आणि जुन्या गावठी झाडांखालचे सगळे उचलून आणले. वेंगुर्ला-7 ची बी मोठी, भाव चांगला येतो. पण नीरो, म्हणजे बोंडूचा ताजा रस, प्यायचा तर गावठी पिवळ्या बोंडूचाच, त्याच्या गोडीला तोड नाही.

बी पिळून वेगळी करायचे काम अंगणात. सालीतला चीक बोटांना लागला तर कातडी भाजते, म्हणून भाजलेल्या काजूला पुढे होऊन हात घालणाऱ्या मुलीलाही इथे मी खोबरेल तेल लावल्याशिवाय बसू देत नाही. वेगळ्या केलेल्या बिया पाण्याच्या पिंपात टाकल्या, तरंगल्या त्या बाजूला काढल्या, बुडाल्या त्या खळ्यावर पसरल्या. दोन-तीन दिवस कडक ऊन मिळाले की पोत्यात. बोंडू त्याच दिवशी भट्टीवर गेले पाहिजेत, दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. भट्टीवाल्याचा टेम्पो अकराला आला. तो सांगत होता की यंदा हुर्राकला (बोंडूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूला) मागणी चांगली आहे. एक पाटी बोंडू घरी ठेवले, मुलीने कपड्यातून गाळून तांब्याभर नीरो काढला. झाकून थंड ठेवला, कारण दुपारपर्यंत तो आंबायला लागतो.

बाराला पाणी सोपवायचे. शेजारचे काका पाच मिनिटे आधीच विभागणीच्या चिऱ्यापाशी येऊन उभे होते. आपले तोंड दगड आणि चिखलाने बंद केले, त्यांचे उघडले. काका म्हणाले, "सूनबाई, यंदा तुमच्या बाजूचा ओहोळ आटला." म्हणजे गळती थांबली. त्यांच्या फाट्यावरही कुर्ल्यांची भोके आहेत. उरलेली रोयणीची माती त्यांना द्यायची कबूल केली. पाणी तिघांचे आहे, एकाचीच बाजू नीट होऊन काही उपयोग नाही.

जेवून अर्धा तास आडवे होण्याइतकाही वेळ नव्हता, कारण मिरी. मिरवेलीवरच्या घोसात एखाददुसरा दाणा लालसर झाला की घोस काढायचा. सगळे लाल व्हायची वाट पाहिली तर पक्षी खातात आणि दाणे गळतात. पाडेली (झाडावर चढून काढणी करणारा) एका बांबूच्या शिडीवरून काल सगळे घोस काढून देऊन गेला, ते रात्रभर गोणीत होते. आज चटईवर घालून पायाने मळले, दाणे सुटले, देठ पाखडून काढले.

यापुढचे काम मला सर्वांत आवडते. मोठ्या टोपात पाणी खळखळ उकळायचे, हिरवे दाणे बांबूच्या टोपलीत घ्यायचे आणि टोपली एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढायची. पाण्यातून वर येताना दाणे पोपटी चमकतात. उन्हात चटईवर पसरले की डोळ्यांदेखत रंग उतरायला लागतो: आधी शेवाळी, मग तपकिरी, आणि संध्याकाळपर्यंत बहुतेक दाणे काळे. असे केलेली मिरी एकसारखी काळी होते, लवकर वाळते आणि वरची धूळ-माती धुऊन जाते. मिरी शेणाने सारवलेल्या खळ्यावर घालू नये, हे मी घरात पुन्हा पुन्हा सांगते. सुपारीला सालीचे कवच असते, मिरी सरळ पोटात जाणार. चटई धुतलेलीच हवी. 100 किलो हिरव्या मिरीतून साधारण 33 किलो काळी मिरी उरते, तेव्हा हिशेब वाळल्यावरच करावा.

मिरी पसरून झाल्यावर सुपारी उलथायला गेले. शेवटच्या काढणीची सुपारी खळ्यावर आहे. सालीसकट वाळायला 35 ते 40 दिवस लागतात आणि मधून मधून उलथली नाही तर खालच्या अंगाला बुरशी धरते. कानाशी धरून हलवली की आतला गर खुळखुळ वाजतो, तीच वाळलेली. आज मूठभर घेऊन पाहिली, दहात सात वाजल्या. आणखी आठवडाभर ऊन हवे.

गोठ्यात गाय उन्हाने बेचैन. आमची श्वेतकपिला आहे, नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी. गोव्याच्या मातीतली ही जात आता नोंदणीकृत आहे आणि तिने टिकावे असे मला मनापासून वाटते. दूध कमी देते, पण डोंगरउतारावर चरते, पावसाळ्यातही आजारी पडत नाही, आणि कुळागराला दुधाइतकेच शेण लागते. वासराला ऊन लागू नये म्हणून गोठ्याच्या पश्चिमेला माडाच्या चुडतांची ताटी बांधली. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली आहे, तिला पाणी बदलून दिले. परसातल्या तांबड्या भाजीच्या वाफ्याला झारीने पाणी, बियाणासाठी ठेवलेली चार रोपे सोडून बाकीची भाजी उपटली.

पाचनंतर सगळे मिळून डोंगराच्या बाजूला गेलो. काजूच्या खाली, कुळागराच्या वरच्या मेरेला लागून सुकलेले गवत आणि पाला कोयत्याने साफ करून पुरुषभर रुंद पट्टा उघडा केला. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि गोव्याच्या इतर डोंगरांवर किती ठिकाणी आगी लागल्या होत्या ते सगळ्यांनी पाहिले आहे. एक विडी, एक काडी पुरते. खालच्या पायऱ्या ओल्या असतात, पण काजूखालचा पाला पेटला तर पोफळीच्या सुकल्या झावळ्यांवरून आग उतरायला वेळ लागणार नाही. काढलेला पाला जाळला नाही, पोती भरून आळ्यांसाठी खाली आणला. पट्टा अर्धाच झाला, बाकी उद्या.


30 मार्च, रविवार

संवसर पाडवा. पाळीही आजच. दारे धरून, आंघोळ करून गुढी. कडुलिंबाची पाने आणि गूळ. सासूबाईंनी एक फुलाचे पान झरीवर नेऊन ठेवले.

फणसाखालचे बांधकाम नीट बसले आहे.


7 एप्रिल, सोमवार

पुन्हा मोजले, त्याच बादलीने. झरीशी 8 सेकंद, पूर्वीसारखेच. शेवटच्या दाऱ्याशी 10 सेकंद, म्हणजे मिनिटाला 60 लिटर. सहा तासांत सव्वाशेच्या आसपास पोफळींना पुरेल इतके. खालच्या दोन्ही पायऱ्या एका पाळीत भिजल्या.

मिनिटाला 15 लिटर अजून मुरतात. गवंडी म्हणाला, बाकीचा पाटही बांधून टाकूया, थेंब जाणार नाही. नको म्हटले. मुरणारे ते पाणी पाटाच्या दोन्ही अंगांना असलेल्या मिरवेलीला आणि केळींना जाते आणि विहिरीत उतरते. एप्रिलमध्ये आमच्या विहिरीला तळ दिसत नाही, तो या पाटामुळेच. जे पाणी ओहोळात वाहून जात होते ते थांबवायचे होते, तेवढे थांबले.

धाकट्या दिरांनी नव्या माडांचे ठिबक जोडून दिले. गाळणी दर आठवड्याला धुवायची आहे, ते काम मुलीकडे.


15 एप्रिल, मंगळवार

पिवळ्या झावळ्या परत हिरव्या व्हायच्या नाहीत, पण नवे कोंब जाड आणि सरळ येत आहेत. नवी पोयही (फुलोराही) सुटली आहे. त्यावरून पुढच्या वर्षीची सुपारी ठरेल.

शेवटच्या वळणावर एक नवे भोक. कुर्ली परतली. खणून चिऱ्याने बुजवले, काकांच्या बाजूचीही दोन तशीच. पावसाळा लागेपर्यंत दर पाळीच्या दुसऱ्या दिवशी पाटाच्या कडेने एक फेरी मारायची असे तिन्ही घरांनी ठरवले आहे. ज्याला भोक दिसेल त्याने बुजवायचे, मग ते कोणाच्याही बाजूला असो.

मानकुराद आंब्याला फळमाशी दिसली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा दोन झाडांमध्ये टांगला. भिरंडा (कोकमाची फळे) लालसर होऊ लागल्या आहेत. पुढच्या पंधरवड्यात सोलांचे काम सुरू होईल: साली मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायच्या. त्यासाठी चटया मोकळ्या हव्यात, म्हणून मिरी आज डब्यात भरली. सुपारी सगळी वाजते आहे, पोती बांधून फोंड्याला पाठवायची. पुरुमेंताचे (पावसाळ्याच्या बेगमीचे) मीठ, चिंच आणि मिरच्या अजून आणायच्या आहेत.

पावसात सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची तयारी आत्ताच: 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत 50-50 लिटर पाण्यात विरघळवायचे, धातूचे भांडे चालत नाही. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळायचे. मिश्रणात कोयत्याचे पाते बुडवून पाहायचे, त्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला. पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या आधी, दुसरी 40 ते 45 दिवसांनी. पाऊस लागला की पाडेली मिळत नाहीत, म्हणून आमच्या पाडेलीला मेच्या शेवटच्या आठवड्याचे सांगून ठेवले. चुना ताजा लागतो, तो तेव्हाच आणायचा. मोरचूद उद्या.